काय खाल्लं, काय घातलं, काय बोलला

नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनला आल्यावर पहिल्याच वर्षी शेजारच्या आजोबांनी माझं नाव त्यांच्या संडासात टांगलं. वाढदिवसांचं कॅलेंडर तिथे टांगायची इकडे पद्धतच आहे, रोज नजर पडते म्हणून. मला ते कुठे ठाऊक! मी हात धुऊन तणतणत बाहेर आले आणि म्हटलं, देवघरात नको, पण निदान इथे तरी मला टांगू नका. आजोबा हसता हसता खोकायला लागले. हसू थांबलं, खोकला मात्र पुढे कधी पुरता थांबलाच नाही.

ही दोन हजार पाच-सहा सालची गोष्ट. नवरा कॉम्प्युटरच्या चिप बनवायची यंत्रं तयार करणाऱ्या कंपनीत सकाळी जायचा तो संध्याकाळी उगवायचा, आणि मी पुण्याहून इतिहासात एम. ए. करून त्याच्या व्हिसावर भाजी चिरत बसलेली. खेमेंटेने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, डच बोलायच्या सरावासाठी मला एक स्वयंसेवक जोडून दिला, तो नेमका शेजारचाच निघाला. निवृत्त दोमिने, प्रोटेस्टंट पाद्री. आमचा सगळा भाग कॅथलिक, त्यामुळे त्यांच्या चर्चमध्ये रविवारी मोजकी डोकी. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी रॉटरडॅमजवळ कापेलला राहायची. इथे आजोबांच्या वयाच्या माणसालाही नावाने हाक मारतात. माझ्या तोंडून ते निघेना, म्हणून मी त्यांना आजोबाच म्हणायला लागले.

डच राहिली बाजूला. आजोबा एक पुस्तक लिहीत होते, त्यांचा हात चालेनासा झाला होता, आणि पुस्तक इंग्रजीत हवं होतं, कारण डच वाचणारे आता उरले नाहीत असं त्यांचं ठाम मत. ते सांगायचे, मी टाइप करायची. बघता बघता मी त्यात गळ्यापर्यंत बुडाले.

पुस्तक होतं चारशे वर्षांपूर्वीच्या एका पाद्र्याचं चरित्र. तोही इतिहास लिहिणारा. विणकराचा मुलगा, धर्मासाठी गाव सोडून उत्तरेकडे पळून आलेला. ज्यांना नव्या प्रोटेस्टंट धर्मापायी जाळलं, बुडवलं, त्यांच्या मरणाच्या हकिकती त्याने आयुष्यभर गोळा केल्या. गावोगाव पायी जायचा. मेलेल्याच्या बायकोला विचारायचा, तुरुंगाच्या पहारेकऱ्याला विचारायचा, एकदा तर थेट फाशी देणाऱ्यालाही जाऊन भेटला. आणि प्रत्येकाला त्याचे प्रश्न ठरलेले: शेवटी काय खाल्लं, अंगावर काय होतं, काय बोलला. त्याला कसं वाटत असेल, तुला काय वाटलं, असलं काही विचारायचं नाही. वाटणं बदलतं, अंगावरचा सदरा बदलत नाही, असं आजोबा त्याच्या वतीने सांगायचे.

मला आधी हा माणूस रुक्ष वाटला होता. मग आलं ते प्रकरण, ज्यात त्याने आपल्याच लोकांनी मारलेल्या कॅथलिक भिक्षूंचीही नोंद केली. तेच तीन प्रश्न, तशीच उत्तरं. एका म्हाताऱ्या भिक्षूने मरायच्या आधी फक्त ताक मागितलं होतं. चर्चच्या मंडळींनी ते प्रकरण काढून टाक म्हणून सांगितलं, त्याने काढलं नाही, आणि म्हातारपणी त्याचं प्रवचन देणं बंद करण्यात आलं. हे टाइप करताना मी डोळे पुसायला थांबले. आजोबा म्हणाले, रडू नकोस, स्पेलिंग चुकतं.

घोडं अडलं ते शेवटच्या प्रकरणाशी. ज्याने इतक्यांची मरणं लिहिली त्याचं मरण कुणीच लिहिलं नव्हतं. दफनाची एक ओळ सापडली, बाकी सगळा अंधार. आजोबा त्या प्रकरणाभोवती महिनोन् महिने फिरत राहिले. तोवर खोकल्याचं निदान झालं होतं, फुप्फुसाचा कॅन्सर, आणि मग तो हाडांत उतरला. बैठकीच्या खोलीत, रस्त्याकडच्या मोठ्या खिडकीशी त्यांचा पलंग आणून लावला. पडदे कायम उघडे. जाणारे-येणारे सायकलवरून आत बघत जायचे.

एका सोमवारी मी लॅपटॉप उघडला तेव्हा ते म्हणाले, "शेवटचं प्रकरण बुधवारपर्यंत संपवू या. गुरुवारी दुपारी डॉक्टर येणार आहेत."

मी म्हटलं, मग शुक्रवारी बसू.

"शुक्रवारी मी नसेन. ते मला मरायला मदत करायला येणार आहेत."

नळवाला येणार आहे हे सांगावं तसं सांगितलं. या देशात असा कायदा झालाय हे मी ऐकलं होतं, पण कायदा म्हणजे पेपरातली गोष्ट. समोर बसलेला, माझ्या चहाला नावं ठेवणारा माणूस असं म्हणेल, आणि म्हटल्यावर कॉफी मागेल, हे माझ्या डोक्यात शिरेना. मग मी रागावले. म्हटलं, तुम्ही तर पाद्री! देवाला काय सांगाल?

"त्याच्याशी बोलून झालंय," आजोबा म्हणाले. "तो काही बोलला नाही. वेदना मात्र रोज बोलतात."

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, इथे लीगल आहे ते. दोन-दोन डॉक्टर चेक करतात. इट्स हिज डिसिजन, आपण इंटरफिअर नाही करायचं." त्याचं बरोबर होतं, आणि म्हणूनच मला त्याचा जास्त संताप आला. मी त्या दिवशी त्याला जेवायलासुद्धा वाढलं नाही.

मग मला एक युक्ती सुचली. आपल्याकडे माणसाची इच्छा अपुरी राहिली की जीव अडकतो. म्हटलं, ठीक आहे, अडकू दे! पुस्तक संपलंच नाही तर हा माणूस गुरुवारी जाईल कसा? मंगळवारी मी मुद्दाम वेळकाढूपणा केला. ही तळटीप तपासायला हवी, तो परिच्छेद मागे न्यायला हवा, हे वाक्य दुबळं आहे. नसती भांडणं उकरून काढली. सकाळभरात पुस्तक एक ओळही पुढे सरकलं नाही. आजोबा डोळे मिटून सगळं ऐकत होते.

"तू मला थांबवते आहेस," ते म्हणाले.

मी तळटिपेचा आकडा पुन्हा टाइप केला.

"आपला पाद्री त्याचं पुस्तक अर्धं टाकून गेला. मीही जाईन. पुस्तकासाठी मी थांबलो होतो असं तुला वाटतं? मी तू यायचीस म्हणून थांबलो होतो."

मग मी रडले, आणि या वेळी त्यांनी स्पेलिंगचं काही काढलं नाही. थोड्या वेळाने म्हणाले की त्या माणसाच्या पुस्तकात प्रत्येक मरणापाशी कुणी ना कुणी हजर होतं, म्हणून तर ते लिहिता आलं. त्याच्यापाशी कुणी नव्हतं. "मुलगी असेल गुरुवारी, पण ती माझी मुलगी आहे, तिला रडायचं काम असेल. तू ये." मी सरळ नाही म्हटलं. आमच्यात बायका मसणवटीत जात नाहीत, तुम्ही मला कुठे बोलावताय, असं काहीबाही बोलून चपला घालून निघून आले. बुधवारी गेलेच नाही.

गुरुवारी दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीतून डॉक्टर येताना दिसले. आपला यम रेड्यावरून येतो, एवढं मला ठाऊक होतं. हे सायकलवरून आले, उतरले, आणि सायकलला नीट कुलूप लावलं. ते कुलूप बघून, काय करतेय हे न कळता मी वाटीत दही घेतलं, वर साखर घातली, आणि वाटी घेऊन शेजारी गेले.

मुलीने दार उघडलं. आत कॉफीचा वास, पडदे नेहमीसारखे उघडे, बाहेर पोरं शाळेतून परतत होती. आजोबांनी मला बघून नुसती मान हलवली. मी त्यांचा हात हातात घेतला आणि तळहातावर चमचाभर दही ठेवलं. त्यांनी विचारलं नाही, हात तोंडाशी नेऊन चाटून टाकलं. मुलीने विचारलं, हे काय? मी सांगायला लागले की आमच्याकडे घरून निघणाऱ्याच्या हातावर दही ठेवतात, म्हणजे तो... आणि तिथेच माझं तोंड उघडं राहिलं. म्हणजे तो सुखरूप परत येतो. परीक्षेला जाणाऱ्या पोरांना द्यायचं ते मी यांना दिलं होतं! मुलगी वाट बघत होती. मी वाक्य पुरं केलं, कारण आता ते गिळणंही शक्य नव्हतं. ती दोन्ही हातांनी तोंड झाकून खिडकीकडे वळली.

आजोबांनी तळहात पुसला, माझ्याकडे बघितलं आणि तीन शब्द बोलले. मग डॉक्टरांना नुसती मानेनेच चला अशी खूण केली, आणि त्यानंतर काही बोलले नाहीत. मी त्यांचा दुसरा हात धरून शेवटपर्यंत बसले. फार वेळ लागला नाही, याचाच मला सगळ्यात मोठा धक्का बसला.

संध्याकाळी मी लॅपटॉप उघडला. शेवटचं प्रकरण त्या इतिहासकाराच्या दफनाच्या ओळीपाशी थांबलेलं होतं. मी एक कोरी जागा सोडली आणि खाली आजोबांचं लिहिलं. मला काय वाटलं ते लिहायचा मोह झाला, तो आवरला.

काय खाल्लं: चमचाभर दही. अंगावर काय होतं: निळा स्वेटर, कोपराला ठिगळ. काय बोलले: "साखर कमी आहे."