दोघंच जा, हळू बोला

रुसालिनाच्या रोमा वस्तीत कुणी आजारी पडलं की सगळी वस्ती इस्पितळात जायची. आई, सासू, सासूच्या बहिणी, त्या बहिणींशी अबोला धरलेल्या जावा, आणि ‘आपण नाही गेलो तर दिसेल’ म्हणून निघालेले शेजारी. फाटकापाशी सूर्यफुलाच्या बिया सोलत मंडळी अशी बसायची, की रुग्ण आत आणि लग्न बाहेर. बल्गेरियातल्या त्या छोट्या गावचं इस्पितळ याला ‘जिप्सींचा हल्ला’ म्हणे. वस्तीच्या लेखी तो साधा शिष्टाचार होता. आजाऱ्याला एकटं धाडणं म्हणजे जिवंतपणी पुरणं.

रुसालिना पूर्वी या जत्रांची पुढारीच. अंगाने भक्कम, आवाज त्याहून भक्कम. नगरपालिकेने तिला वस्ती आणि इस्पितळ यांच्यातली आरोग्य मध्यस्थ नेमलं आणि ती बदलली. लसी, तपासण्या, बाळंतिणी, सगळ्यांच्या मागे हात धुऊन लागली. जोडीला एकच पालुपद: “दोघंच जा, हळू बोला, बोलावतील तेव्हा उठा.”

“कुत्रा नेला तर चालेल का गं?” लोक विचारत. “तोही हळूच भुंकतो.”

पण ऐकत. तिच्यामुळे पोरं गोवरातून वाचली होती. तिची नोकरी मात्र दर नव्या सरकारबरोबर लटकायची, आणि सरकारं तिकडे पावासारखी रोज ताजी येत.

त्या दिवशी नोकरीचाच निकाल होता. ती नगरपालिकेत साहेबांच्या दाराबाहेर बसलेली असताना शुक्रिये काकूंचा फोन आला. सून सेवदा, सातवा महिना, सकाळपासून डोकं फुटतंय, डोळ्यांपुढे ठिपके.

“काकू, आत्ताच्या आत्ता न्या तिला.”

“निघालोच सगळे. व्हॅन काढलीय.”

“सगळे नको. बिसेर एकटा जाऊ दे. शहाणा आहे तुमचा मुलगा. इथलं उरकून मी येतेच.”

“आणि मी काय करू?”

“घरी बसा.”

“मला ते जमत नाही, बाई.”

“आज जमवा.”

जन्मात कुणाचं न ऐकलेल्या शुक्रिये काकूंनी नेमकं त्या दिवशी ऐकलं.

आत साहेब प्रसन्न होते. “इस्पितळाची एक तक्रार नाही आता. फाटकात गर्दी नाही, आरडाओरडा नाही. तुमचं काम फत्ते झालं. मग या पदाची गरज काय?”

रुसालिना भांडली, रडली, पुन्हा भांडली. उन्हाळ्यापर्यंत मुदत घेऊनच उठली.

तोवर बिसेरने बायकोला इस्पितळाच्या बाकावर बसवलं होतं आणि खिडकीतल्या नर्सला हळू आवाजात सांगितलं होतं. थांबा, म्हणाली. तो थांबला. सेवदा म्हणाली, मला दिसत नाहीये. तो परत खिडकीशी गेला, पुन्हा हळू आवाजात. “सांगितलं ना एकदा?” मग तो टोपी हातात धरून बायकोशेजारी उभा राहिला. बाकावरच तिला झटके आले, तेव्हा कुठे सगळे धावले. बाळ वाचलं. सेवदा गेली.

रुसालिना धापा टाकत पोचली, तर नर्सने कौतुकाने सांगितलं, “नवरा किती सभ्य हो. तुमच्यातला वाटतच नाही.”

माती झाल्यावर शुक्रिये काकू तिच्या दारात आल्या. झिंज्या उपटायलाच येणार, हे धरून रुसालिनाने केस मोकळेच ठेवले होते. काकूंनी त्यांना हात लावला नाही.

“पोर काचेच्या पेटीत आहे. कसं आहे ते कुणी सांगत नाही. उद्या विचारायला जायचंय. तुझ्या नियमाने किती जण जायचं?”

“सगळे,” रुसालिना म्हणाली.

“तुझी नोकरी?”

“माझ्या नोकरीचं मला सांगू नका, काकू. व्हॅन काढा.”

सकाळी फाटकाशी सगळी वस्ती उभी, पुढे रुसालिना. पहारेकऱ्याने विचारलं, “नातेवाईक कोण यातले?”

“मोजत बसू नका. डॉक्टरांना बोलवा.”

बियांच्या पुड्या सुटायच्या आत डॉक्टर खाली आले, कोटाची बटणं लावत. बाळाचं वजन, श्वास, दूध, सगळं समजावून सांगू लागले. अहो-जाहो करत.

मागून बिसेरने विचारलं, “डॉक्टर एवढ्यात आले?”

त्याने पुन्हा विचारलं, तसंच, हळू आवाजात.

रुसालिनाने मागे पाहिलं नाही. “दूध किती वेळा देता?” तिने डॉक्टरांना विचारलं, एवढ्या मोठ्याने, की वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या.