उघड्या फाटकापाशी

दुष्काळाच्या त्या वर्षी केडगावहून नगरच्या शाळेत शिकवायला जाताना मी ज्यांच्या टॅक्सीत बसायचो, ते साठी ओलांडलेले होते. रेल्वेचं फाटक लागलेलं दिसलं की ते इंजिन बंद करायचे, टोपी काढून मांडीवर ठेवायचे आणि म्हणायचे, "मास्तर, थांबनाऱ्याचं कायबी जात न्हाई."

एकदा मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्नचा धोशा लावला आणि ओरडला, "म्हाताऱ्या, घरी बस." त्यांचे कान लाल झाले. त्यांनी टॅक्सी रांगेतून काढली आणि उजव्या अंगानं थेट फाटकाला नेऊन भिडवली. मागोमाग ट्रक आणि आणखी काही गाड्याही आल्या. फाटक उघडलं, तेव्हा समोर बैलगाडी होती. तिच्यात बाळंतपणाला अडलेली बाई कण्हत होती आणि तिच्या वाटेत आम्ही उभे होतो.

ते उतरले. हात जोडून एकेकाला मागं सरकवलं, त्या ट्रकवाल्यालासुद्धा. बैलगाडी निघून गेली तरी त्यांचे हात जोडलेलेच होते.

त्यानंतर फाटक उघडं असलं तरी ते तिथं टॅक्सी थांबवायला लागले. एकदा मी विचारलं, "रेल्वे येतेय का?"

"न्हाई," ते म्हणाले. "मला थांबता येतंय का, ते बघतोय."