भुरीच्या पायाचा नट

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, देवापुढं तर मुळीच नाही — तिथं खोटं खपत नाही ना! तुमच्याजवळ बोलते, कारण तुम्ही सुनंदाला ओळखत नाही.

अजूनही दुपारी पंख्याखाली डुलकी लागली की भुरी येते. पाय न मोडलेली, उन्हात सावकाश चालणारी. मी हाक मारते, ती थांबते, बघते, आणि निघून जाते. 

भुरी म्हणजे शेळी. अकोल्याला मी आणि सुनंदा जनावरांच्या डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण घेत होतो — एक खोली, एक डबा. शेळीला भूल देऊन पायाचं हाड कापायचं, बाहेरून सळ्यांचा सांगाडा बसवायचा, आणि हाड कसं जुळतं ते बघायचं. सरांचं म्हणणं, सांगाडा जितका कडक तितकं बरं. सुनंदा म्हणायची, नाही, हाडाला पावलागणिक केसभर हलू द्या, मग ते आपल्याभोवती नवं हाड धरतं. सर हसले. एका शेळीवर दाखव म्हणाले, मग पुढचं बघू. ती शेळी भुरी. तिच्या सांगाड्याचा नट सुनंदानं खूण करून जरासा ढिला ठेवला, आणि आई आजारी पडली म्हणून अचलपूरला गेली. भुरी माझ्यावर सोपवून.

मी शेंदूरजनाघाटची, आमची संत्र्याच्या कलमांची नर्सरी. कलमाची पट्टी ढिली राहिली की बाबा ओरडायचे — “घट्ट बांध वं, वाया जाते ते!” हे माझ्या हातात भिनलेलं. भुरी पाय टेकवायची नि थरथरायची. ऊन असं की गोठा तरंगतोय वाटावं, आणि त्यात तिचं ते बारीक कण्हणं... मला बघवेना. पाना घेतला, नट आवळला. दया आली म्हणून — इथवर खरं आहे.

मग सुनंदाला फोन का नाही केला? आज करू, उद्या करू... माय वं, किती सोपं होतं! एक्स-रेच्या दिवशी ती सकाळच्या एसटीनं येणार होती. तिच्या आधी मी गोठ्यात गेले आणि नट पुन्हा तिच्या खुणेवर ढिला करून ठेवला. ही दया नव्हती. हे मी माझी कातडी वाचवायला केलं.

फिल्मवर नवं हाड जवळजवळ नव्हतंच. काळी फट जशीच्या तशी. ढिलं ठेवून शेळीचा पाय घालवला, असं सर सगळ्यांसमोर तिला बोलले. सुनंदा भुरीच्या गळ्यात पडून रडली. माफी मागत होती — शेळीची! आणि मी? मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते.

मला पदवी मिळाली. तिनं अभ्यास सोडला. अकोल्यातच जठारपेठेत तिचं पशुखाद्याचं दुकान आहे. मी अमरावतीला पशुवैद्यकाच्या पोरांना शिकवते. काय शिकवते, सांगू? सांगाडा फार कडक नको, हाडाला थोडं हलू द्या. आता सगळेच असं मानतात. पोरं माना डोलवतात, आणि मला मोठं गोड वाटतं.

यंदा सुनंदाची मुलगी माझ्या वर्गात आहे.

परवा सुनंदाचा फोन आला. हसत होती. “पोरगी सांगून राहिली, हाडाले थोडं हालू द्या लागते म्हने. म्या तेच म्हनलं होतं न वं? पन माह्याच हातानं जास्त ढिलं झालं असन. नाई?”

मी म्हणाले, “असन वं.”

तेव्हा मी नुसती गप्प राहिले होते. परवा हे खोटं माझ्या तोंडानं बोलले.