काळा दगड पाहण्याचा कार्यक्रम

नेमसिंग राठोडने आयुष्यात एकशे बारा विहिरी खोदल्या. त्यांपैकी एकशे अकरांना पाणी लागलं आणि लोकांनी त्याला ओळखलं ते उरलेल्या एका विहिरीवरून. लोकांचं हे असंच असतं.

ती विहीर त्याच्याच तांड्यातली, वणीहून पैनगंगेकडे उतरणाऱ्या रस्त्यावरची. तीस वर्षांपूर्वी तिथे साठ फुटांवर पाण्याऐवजी काळा, पापुद्र्यापापुद्र्याचा दगड लागला. नेमसिंगने घण घातला, दगड दुभंगला आणि रॉकेलचा वास आला. तो खालून ओरडला, "रॉकेल! रॉकेलचा वास येऊन राह्यला!"

वर यारीवर, म्हणजे विहिरीतला मलबा ओढून काढणाऱ्या यंत्रावर, देवीलाल बसला होता. तो म्हणाला, "कंदील सांडला असन बे. वर ये."

खाली कंदील नव्हताच. पण कोरडी विहीर पुढच्या उन्हाळ्यात बुजवली गेली आणि पुरावाही तिच्याबरोबर गेला. तेव्हापासून तांड्यात कुणाची चूल पेटेना, की देवीलाल हाक मारायचा, "नेमसिंगले बोलवा रे, दगड घेऊन येईन!"

दुसरा एखादा गप्प बसला असता. नेमसिंगने विचार केला. इतक्या विहिरींत उतरल्यावर त्याला एक गोष्ट पक्की कळली होती: जमिनीचे थर सपाट झोपत नाहीत, छपरावरच्या टिनांसारखे एका बाजूला उतरतात. तेव्हा जे इथे साठ फूट खाली गेलंय, ते चढत्या बाजूला कुठेतरी उघड्यावर येणारच. तो त्या दिशेने नाले धुंडाळत निघाला आणि दोन कोसांवर, नाल्याच्या एका वळणावर, छातीएवढ्या उंचीच्या कड्यात त्याला तोच काळा दगड भेटला. विद्यापीठात हे शिकायला पाच वर्षं लागतात. नेमसिंगला विद्यापीठ नसल्यामुळे दोन उन्हाळ्यांत जमलं.

त्याने देवीलालला तिथे नेलं आणि दगड फोडून त्याच्या नाकाशी धरला. पण देवीलाल मिसरूड फुटल्यापासून तपकीर ओढणारा. त्याच्या नाकाला मोगरा आणि गोठा सारखेच. "कायचा वास?" तो म्हणाला. बाकीचा तांडा दगड हुंगायला दोन कोस चालण्याइतका रिकामा नव्हता. तेव्हा प्रकरण तिथेच राहिलं.

यंदा फेब्रुवारीत, कापूस निघून गेल्यावर, नागपूरहून डॉ. समीक्षा वानखेडे आल्या. गाळाच्या खडकांच्या या खोलगट पट्ट्यात कधी खनिज तेल तयार झालं असेल का, हे त्यांना पाहायचं होतं, आणि तेही भोक न पाडता. नाल्यांच्या काठांवर, टेकड्यांच्या उतारांवर जो खडक उघडा पडलेला असतो, तो वाचत जायचा. त्यांना तीन गोष्टी हव्या होत्या. तेल ज्यात शिजतं तो काळा चिखलाचा दगड, ते मुरून राहील असा वाळूचा दगड, आणि वरून झाकण घालणारा घट्ट थर. आठ दिवसांत वाळू मिळाली होती, झाकणही मिळालं होतं. पातेलंच मिळत नव्हतं.

तांड्यातल्या लिंबाखाली चहा घेताना त्यांनी सहज विचारलं, "इकडे कुठे काळा, पापुद्र्यांचा दगड उघडा पडलाय का हो काका?"

देवीलालच्या हातातला चहा सांडला, तो हसण्याने. नेमसिंग मात्र सरळ म्हणाला, "आहे न मॅडम. फोडला का रॉकेलचा वास येते त्याले."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी वही काढली. "उद्या सकाळी दाखवाल?"

तीस वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. आता शब्द बाहेर पडला होता, तोही सगळ्यांच्या देखत, आणि उद्या तो खरा तरी ठरणार होता नाहीतर कायमचा बुजणार होता. दोन कोस चालण्याइतका तांडा अचानक रिकामा झाला.

सकाळी चाळीसेक माणसं नाल्यात उतरली. पुढे नेमसिंग, खांद्यावर घण. वळण आलं आणि तो थबकला. कडा चमकत होता. एवढा काळाभोर आणि तुकतुकीत, की उन्हात डोळे दिपावेत. समीक्षा वाकल्या, दगडावरून बोट फिरवलं, चोळलं, हुंगलं.

"काका," त्या म्हणाल्या, "तेल आहे."

तांड्याने श्वास रोखला.

"जवसाचं आहे."

देवीलाल नाल्यात खालीच बसला. "फोडणी द्यायची राह्यली रे नेम्या फक्त!" हसण्याची लाट या काठावरून त्या काठावर गेली. नेमसिंगचा चेहरा त्या दगडासारखाच झाला, फक्त चमक नव्हती. रात्रीतून तेल चोपडून बाईमाणसाला फसवायला निघालेला म्हातारा, असं चाळीस जणांच्या डोळ्यांत स्पष्ट लिहिलेलं होतं. समीक्षांनी नमुन्याची पिशवी परत घडी घालून ठेवली.

तेवढ्यात गर्दीतून त्याची बायको जमनाबाई पुढे आली.

"म्या लावलं," ती म्हणाली. "ह्यायले काही मालूम नाही."

ती पहाटेच येऊन गेली होती. नारळाच्या शेंडीने तिने दगड घासला, धुतला, पुसला आणि वाटीभर तेल जिरवलं.

"पण कशाला, मावशी?"

"कशाले म्हंजे? पाव्हणे पाहाले येऊन राह्यले, अन् त्याच्या आंगावर ही धूळ! देवाले लावतो, जात्याले लावतो, नव्या दाराले लावतो, मंग यालेच काहून नाही? ह्यायनं तीस वर्सं याच्यापायी बोलणे खाल्ले. तो का मी तसाच उघडाबोडका दाखवू?"

समीक्षांनी आजवर बरेच उघडे खडक पाहिले होते. काहींवर सिमेंटच्या जाहिराती होत्या, काहींवर प्रेमिकांची नावं. न्हाऊमाखू घातलेला हा पहिलाच.

"म्हंजे नेम्या," देवीलाल डोळे पुसत म्हणाला, "तुया दगडाले तेल बाहेरूनच लागते."

नेमसिंगने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मॅडम, जवस किती आत जाईन?"

"बोटभर. भेगा असतील तर वीतभर."

"मंग मी दोन हात जातो."

समीक्षांनी आपला हातोडा पुढे केला. नेमसिंगने तो अदबीने पाहून परत दिला. "हा बदाम फोडाले चांगला आहे."

आणि अडुसष्टाव्या वर्षी तो एकशे तेरावी विहीर खोदायला लागला, या खेपेला आडवी. ऊन-पावसाने भुसभुशीत झालेला वरचा थर पहारीने उचकटला. त्याच्या मागचा निघाला. तासाभराने दगडाचा आवाज बदलला, ठणठणीत झाला. हसणारे हळूहळू मलबा उचलू लागले, कारण खोदणाऱ्या माणसाजवळ हात बांधून उभं राहणं तांड्यात कुणाला जमत नाही.

"आता नाक आणा मॅडम," नेमसिंग म्हणाला आणि घण उचलला.

दगड वहीसारखा उघडला. समीक्षांनी अर्धा नाकाशी नेला. डोळे मिटले. पुन्हा हुंगला.

"रॉकेल," त्या म्हणाल्या.

दुसरा अर्धा जमनाबाईने ओढून घेतला. "होय वं माय! खरंच का वं!" असं म्हणून ती मटकन बसली आणि दगड मांडीवर घेऊन हसत सुटली. मग तुकडा देवीलालकडे गेला. त्याने एका नाकपुडीने घेऊन पाहिलं, दुसरीने पाहिलं.

"मले तं काही येऊन नाही राह्यलं." चाळीस जण बघताहेत हे त्याच्या लक्षात आलं. "पण ह्या दोघी म्हणून राह्यल्या, तं असन."

देवीलालच्या तोंडून हे म्हणजे जाहीर पत्रकच होतं.

समीक्षांनी वहीत लिहून घेतलं आणि नेमसिंगला समजावलं. यात कधीकाळी तेल शिजलं असावं, पण ते करपलं की उरलं, वाहून कुठे गेलं, हे प्रयोगशाळा सांगेल, वर्षभराने. तेल सापडेलच असं नाही.

"नाही सापडलं तं नाही सापडलं," नेमसिंग म्हणाला. "म्या वास म्हणलं होतं. तेल कुठं म्हणलं?"

या दगडाची एकच अडचण आहे. वास पाच-सहा श्वास टिकतो, मग उडतो. म्हणजे ज्याला हुंगायचा, त्याला ताजा फोडून द्यावा लागतो. नाल्यात रांग लागली. म्हाताऱ्या आल्या, लेकुरवाळ्या आल्या, मोबाईलमध्ये वासाचा व्हिडिओ काढणारेही आले. नेमसिंग घामाने निथळत होता आणि एकेकाच्या हातात गरमागरम भजी द्यावीत तसे तुकडे देत होता. "लवकर ओढा, लवकर ओढा!"

शेवटी समीक्षांनी हात जोडले. "काका, पुरे आता! हा कडा उरला पाहिजे. पुढच्या महिन्यात आमचे सर बघायला येणार आहेत."

नेमसिंगने घण डोक्यावर नेला होता. तो खाली न आणता त्याने मान वळवली.

"थांबतो न मॅडम. तेरा घरं राह्यले फक्त."