लांब शेवया

आमच्या शिवरे गावातल्या घरात स्पगेटी पहिल्यांदा शिजली ती माझ्या धाकट्या भावाच्या हातची. तो राजगडाच्या पायथ्याला, गुंजवण्याजवळच्या एका रिसॉर्टवर आचारी होता. पुण्याची मंडळी गडावर पिठलं-भाकरीचे फोटो काढायची आणि खाली उतरली की पास्ता मागायची.

पातेलं लहान होतं, म्हणून मी त्या काड्या मोडायला घेतल्या, तर हा ओरडलाच. "मोडू नको गं ताई! जरा दम धर, वाकत्यात आपोआप." खरंच वाकल्या. मग तेलात मंद आचेवर परतलेला भरपूर लसूण, लाल मिरची, मीठ, बास. या पदार्थाच्या इटालियन नावाचा अर्थही लसूण आणि तेल एवढाच आहे म्हणे. आई ताटलीकडे बघत राहिली. "दूध न्हाई, गूळ न्हाई, लसणाच्या शेवया कुनी खातं व्हय?" म्हणाली आणि दोनदा वाढून घेतल्या.

भाऊ पुडी खायचा. गुटख्याला बंदी आहे म्हणतात. आमच्या रस्त्यावरच्या कुठल्याही टपरीवर हात पुढे करा, मिळते. आधी त्याला तिखट लागेना, मग तोंड पुरतं उघडेना. दवाखान्यात डॉक्टरांनी बोट घालून बघितलं, ते जेमतेम आत गेलं. गालाच्या आत जखम होती आणि ती साधी नव्हती. ऑपरेशन करू, पण त्याआधी अंगात ताकद पाहिजे, वजन उतरू देऊ नका, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. त्या टपरीवाल्यांचा मला आजही संताप येतो.

घरी आल्यावर भावकीतला प्रत्येक जण डॉक्टर झाला. कुणी हळद सांगितली, कुणी गोमूत्र. चमचा दातांतून आत जाईना, म्हणून आम्ही ओठांत नळी देऊन पेज, दूध, डाळीचं पाणी पाजत होतो. काही दिवसांनी त्यानं नळी फेकून दिली. "म्या काय वासरू हाय का नुसतं प्यायला? मला जेवायचंय."

तेव्हा मला स्पगेटी आठवली. भोरला कामाला जाते तिथून पाकीट आणलं. तो दारात बसून सांगायचा, मी करायची. लसूण करपला की नुसत्या वासावरून रागवायचा. मिरची बंदच होती, मीठसुद्धा झोंबायचं. एकेक काडी दातांच्या फटीत धरायची आणि ओठांनी हळूहळू आत ओढायची, असं त्याचं जेवण. ताटली संपेपर्यंत ती दोनदा गरम करावी लागे. पण तो जेवत होता.

आईला त्याचं बरं वाटायचं आणि जिव्हारीही लागायचं. "पाकिटातलं जातंय त्येच्या पोटात, माझ्या हातचं काय बी जाईना," असं ती चुलीकडे तोंड करून म्हणायची.

उन्हाळ्यात तिनं शेवयांचं यंत्र काढलं. एरवी शेवया वाळल्या की ती वीतभर मोडून डब्यात भरते. त्या वर्षी एकही मोडू दिली नाही. अंगणात आडव्या बांबूवर त्या लांबच्या लांब लोंबत होत्या आणि आई कोंबड्या हाकत सावलीला बसून होती. यांचा लगदा होणार, असं मी म्हटलं. थोडा झालाही. भावानं एक काडी ओढली, डोळे मिटून गिळली आणि बंद दातांतून म्हणाला, "आये, रिसॉर्टवर ठेवत्याल तुला." आई पदर तोंडाला लावून बाहेर गेली.

ऑपरेशनची तारीख मिळाली होती. जखमेला तेवढा धीर नव्हता. आखाड लागायच्या आत तो गेला.

दुखवट्याच्या घरात वर्षभर शेवया करत नाहीत, खातही नाहीत. उरलेल्या लांब शेवया फडताळात उंच डब्यात तशाच राहिल्या. पुढच्या उन्हाळ्यात सगळ्या आळीत बांबू लागले, आमच्या अंगणात नाही.

वर्षश्राद्ध झालं. आता घरात गोड करायला हवं, म्हणून आईनं तो डबा काढून माझ्यापुढे ठेवला. मी पातेल्यात दूध तापवलं आणि मूठभर शेवया उभ्या सोडल्या. त्या काठावर ताठ उभ्या राहिल्या. मी बघत राहिले.

"मोड की," आई म्हणाली. "खिरीला लांब कशाला?"

"जरा दम धर. वाकतील आपोआप."

आईनं माझ्याकडे बघितलं. तिला ते शब्द कुणाचे ते कळलं होतं.

"आता कुनासाठी दम धरायचा?" ती म्हणाली, आणि तिनंच हात घालून त्या मोडल्या.