चिक्कम्माची शक्ती

“दहा टनांचा दगड एका हाताने उचलला, इथपर्यंत मान्य. पण उचलणारा उभा कशावर आहे?” मी विचारलं.

“वाळूवर. सीन तलकाडचा आहे, कावेरीकाठचा,” नागेंद्र म्हणाले.

“मग दगड वर जाणार नाही. तुमचा हिरो खाली जाईल.”

सांगलीच्या कॉलेजात पस्तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले आणि म्हैसूरला मुलीकडे राहायला आले. घरी बसवेना, म्हणून हूटगळ्ळीतल्या एका लहान ॲनिमेशन स्टुडिओत सल्लागार झाले. मालिकेतली माणसं कितपत अशक्य आहेत, एवढंच मी सांगायचं. नागेंद्र तिथले बॉस.

हिरोचं नाव लोहबाहू. त्याचा हिशोब सोपा होता. दगडाचा भार शेवटी त्याच्या दोन तळपायांवर येतो. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण वीस किलो. ओली वाळू इतकं सोसत नाही. लोहबाहू खुंटीसारखा रुतणार.

“पायाखाली दगडी चौथरा देऊ,” नागेंद्र म्हणाले.

“चालेल.”

खरा पेच वेगळा होता. चॅनेलला मुख्य पात्र एकच हवं होतं आणि मालिकेत ‘सायन्स’ हवं होतं. लोहबाहूच्या समोर होती चिक्कम्मा, म्हणजे कन्नडमध्ये मावशी. ही मावशी जादू करायची. तिला लिहिणारी शिल्पा जाधव स्टुडिओत कॉन्ट्रॅक्टवर होती. चिक्कम्मा गेली की शिल्पाही जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

“सुपरहिरो म्हणजे सायन्स. जादू म्हणजे काहीही,” नागेंद्र म्हणाले.

“काहीही नाही सर,” शिल्पा म्हणाली. “चिक्कम्माला लिमिट आहे. तुमच्या हिरोला कुठं आहे?”

“लिमिट लिहून द्या. मॅडम तपासतील. शुक्रवारी ठरवू.”

शिल्पाच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात, पण शाळा सगळी कन्नड. मला कन्नड वाचता येत नाही, म्हणून तिने कागद खास मराठीत लिहून आणला. ऱ्हस्व-दीर्घाचा आनंदीआनंद होता, तरी अक्षर सुरेख. पहिलंच वाक्य होतं, ‘चिक्कम्माची शक्ती ठरलेली आहे. त्याहून जास्त कधीच नाही.’

मी लाल पेन उघडलं. शक्ती म्हणजे काम करण्याचा वेग. टाकीतलं पाणी ही ऊर्जा धरली, तर नळातून ते किती जोराने येतं ती शक्ती. नळ बारीक असला तरी टाकी न संपणारी असेल, तर वेळ देऊन तळंसुद्धा भरता येतं. शिल्पाने नळ मोजून दिला होता, टाकीचा पत्ता नव्हता. मी खाली शेरा मारला, ‘या जादूला मर्यादा नाही. वेळ मिळाला तर ही बाई चामुंडी टेकडीही उचलेल.’ वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

शुक्रवारी नागेंद्रांनी शेरा वाचला आणि चिक्कम्मा गेली. पाच मिनिटंही लागली नाहीत. शिल्पाने कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली.

सोमवारी ती तोच कागद घेऊन माझ्या टेबलाशी आली.

“मॅडम, टेकडी कशी उचलंल हो ती? सकाळी एक रागी मुद्दे खाती, नाचणीचा उकडलेला गोळा. त्यातली शक्ती संपली की बसली, अष्टे. दुसऱ्या दिवशीपर्यंत काय नाही.”

“संपली म्हणजे? शक्ती संपत नाही, शिल्पा. ऊर्जा संपते.”

“ऊर्जा अंद्रे?”

“एनर्जी.”

“एनर्जीलाच शक्ती म्हणतात की! आमच्या शाळेच्या पुस्तकात तसंच होतं. पॉवरला सामर्थ्य. हौदल्वा मॅडम?”

मी शेजारच्या टेबलावर विचारलं. कन्नड शाळेत शिकलेले तिघे होते. तिघेही मान डोलवून ‘हौदु’ म्हणाले.

मला लाज वाटली. पोरीने माझ्या सोयीसाठी मराठीत लिहिलं आणि मी त्या मराठीवरच तिला नापास केलं. तिने टाकीच मोजून दिली होती. मी नळ वाचला.

तशीच तो कागद घेऊन नागेंद्रांच्या केबिनमध्ये गेले.

“माझा शेरा चुकीचा आहे. चिक्कम्माला मर्यादा आहे. नाचणीच्या एका गोळ्याएवढी.”

“तेवढ्यावर तो दगड उचलला जाईल?”

“ऊर्जेच्या हिशोबाने आठ-दहा मीटर सहज. मग ती दिवसभर रिकामी.”

“आणि लोहबाहू? त्याची एनर्जी कुठून येते?”

चौथऱ्याच्या नादात मी हे विचारलंच नव्हतं. त्याचा कागद पुन्हा पाहिला. जेवण नाही, बॅटरी नाही, दमणं नाही.

“कुठूनच नाही,” मी म्हणाले.

नागेंद्रांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. “म्हणजे जादू हा करतोय!”

चॅनेलकडे मुख्य पात्र म्हणून चिक्कम्माचं नाव गेलं. चौथरा काढून टाकला. पहिल्या भागात लोहबाहू तलकाडच्या वाळूत कमरेपर्यंत रुततो आणि चिक्कम्मा उरलेल्या अर्ध्या मुद्देवर त्याला उपटून काढते. शिल्पाचं कॉन्ट्रॅक्ट वाढलं. आता ती कागदावर सगळ्यात वर लिहिते, ‘शक्ती, कन्नडमधली’.

पस्तीस वर्षं मी मुलांचे मार्क कापले, कारण ती आकड्यापुढे एकक लिहीत नसत. भाषाही लिहावी लागते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.