विसरलोचं बटण

कुंभवलीच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या मशीनवर असलेले काका डबा उघडण्याआधी मोबाईल कानाला लावतात, कुणाचा फोन आल्यासारखा. त्यात जपानी शब्द पाठ करायची कार्डं आहेत; शब्द ऐकायचा, अर्थ सांगायचा आणि 'येतं' किंवा 'विसरलो'चं बटण दाबायचं. नर्स म्हणून जपानला जायची तयारी करणारी त्यांची मुलगी तापानं गेली. फुकटच्या ॲपमध्ये तिनं स्वतःच्या आवाजात भरलेली कार्डं तेवढी राहिली.

"याहून चांगलं ॲप स्वस्तात मिळतं, काका," मी एकदा शहाणपणा केला.

"त्यात ती नाय."

काल तिचा आवाज आला, 'मिझु'. काका लगेच "पाणी" म्हणाले आणि त्यांनी 'विसरलो'चं बटण दाबलं.

"बरोबर होतं की!"

"हाय ना. पन येतं म्हटलं का म्हैनाभर येत नाय ती. इसरलो म्हटलं का उद्याच येते."